न दुखणारी दाढ

घड्याळजींची दाढ दुखत होती, पण तसं म्हणायला घरात बंदी होती. आणि बंदी घातली होती ती घड्याळजींनीच.

"दुखत नाहीये," उजवा गाल तळहातात धरून ते म्हणाले. "ती सुदृढ होतेय."

"मग पाव दुधात बुडवून का खाताय?" बायकोने विचारलं.

"मला दूध आवडतं."

"कधीपासून?"

"आजपासून. विश्वासाने," घड्याळजी म्हणाले, आणि दुधाचा घोट चुकून उजवीकडे गेल्यामुळे त्यांचे डोळे पांढरे झाले. तोंडातून मात्र हूं की चूं निघालं नाही.

बायकोने आणखी थोडं दूध ओतलं. ती माणसांना गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे समोरचा खड्ड्यात जात असताना शांत बसायची तिला सवय होती. गावात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिच्या शिकवणीच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता. निम्म्या गावाचे जीव त्या दुसऱ्या ब्रेकने वाचवले होते, असं ती म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

तिचा नवरा घड्याळांचा मोठा गुणी कारागीर. डोळ्याला भिंग लावून बसला की तांदळाच्या कणीएवढ्या चाकावर दुपार घालवेल. पण देवाधर्माच्या बाबतीत या माणसाचा काटा कधी एका जागी ठरला नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं तो तिच्याबरोबर चर्चमध्ये यायचा. मग कुणीतरी त्याला पटवलं की उपासना शनिवारीच करायची असते. तेव्हापासून त्याचा शनिवार आणि तिचा रविवार असं झालं, आणि नवरा-बायकोला एकत्र सुटी म्हणून मिळेना. पुढे एक गुरुजी भेटले. त्यांच्या मते उघड्या फरशीवर गुडघे टेकल्याशिवाय प्रार्थना वर पोहोचतच नव्हती. ते खूळ गुडघे सुजेपर्यंत टिकलं. मग एका प्रवचनकाराने जगाचा शेवट पुढच्या सोमवारी आहे असं सांगितलं. घड्याळजी प्रामाणिक माणूस. त्यांनी दुकानातली सगळी घड्याळं दुरुस्त न करताच गिऱ्हाइकांच्या घरी नेऊन दिली. काळच संपणार, तर काटे फिरवून करायचंय काय? मंगळवारी सकाळी तीच घड्याळं परत मागायला ते दारोदार फिरले, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्यांना फार प्रेमाने वेळ विचारली.

मास्तरीणबाई या सगळ्या काळात चर्चमधल्या तिसऱ्या बाकावरच होती. तोच बाक, तीच गाण्यांची वही, तेच सर्दी झालेले पाळकसाहेब. रोज सकाळी गाडीची किल्ली फिरवण्याआधी तिची प्रार्थनाही तीच असायची: प्रभू, आज माझ्या हातून कुणी मरू नये, मी कुणाच्या हातून मरू नये, आणि तुझ्यापासून मी लांब जाऊ नये, आमेन. नवऱ्याच्या नव्या नव्या शिकवणीवर ती वाद घालायची नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला तिला वेळ नव्हता.

पण महिन्याभरापूर्वी तो तिला एक वाक्य बोलून गेला होता, आणि ते सलत होतं.

"तू श्रद्धेत टिकलीयेस असं तुला वाटतं," तो म्हणाला होता. "तू टिकलेली नाहीस, तू नुसती बसलेली आहेस. भिंतीतल्या खुंटीसारखी. खुंटीलाही वाटत असेल, मी किती निष्ठावान."

त्या रविवारी तिसऱ्या बाकावर बसताना तिला पहिल्यांदा वाटलं, खरंच, मी इथे का बसते? श्रद्धा म्हणून, की बुडाला सवय झाली म्हणून? चारदा गायलेलं गाणं तिने पाचव्यांदा गायलं, आणि उत्तर काही मिळालं नाही.

घड्याळजींची आत्ताची शिकवण ब्रदरची होती. ब्रदर म्हणजे बाजारामागच्या हॉलमध्ये सभा भरवणारा, तिशीतला, गोरागोमटा, खणखणीत आवाजाचा माणूस. त्याचं म्हणणं सोपं होतं. तोंडातून जे निघतं तेच घडतं. 'नाही' म्हणायचं नाही. 'दुखतंय', 'कमी आहे', 'जमत नाही' हे शब्द म्हणजे सैतानाला घराची किल्ली देणं. देवाकडे मागायचंही नाही, मिळालंच आहे असं म्हणायचं. त्यामुळे हल्ली भाजीत मीठ कमी असलं तर घड्याळजी म्हणायचे, "मीठ वाटेवर आहे." आणि गाल सुजून वर आला, तेव्हा तर त्यांना साक्षात्कारच झाला. भिंग डोळ्यापाशी धरून ठेवायला एरवी गालाचा स्नायू आवळावा लागायचा. आता सुजेमुळे ते आपोआप घट्ट बसायला लागलं.

"बघ," ते एका डोळ्याने तिच्याकडे बघत म्हणाले, "आशीर्वाद कुठल्या रूपात येईल, सांगता येत नाही."

"तो काढून दाखवा आता."

भिंग निघेना. तिने शेवटी तेल लावून काढलं.

त्याच आठवड्यात ब्रदर तिच्याकडे गाडी शिकायला आला. मंडळींनी त्याला गाडी भेट दिली होती आणि ती हॉलच्या बाहेर उभी होती.

"तसं म्हटलं तर मला येतंच, ताई," तो ड्रायव्हरच्या जागी बसत म्हणाला. "मी चालक आहे, हे मी स्वीकारलंय. फक्त थोडा सराव."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाली. "मग चालक, आधी दार लावून घ्या."

गाडी दोन हात पुढे गेली, उचकी लागल्यासारखी नाचली आणि बंद पडली.

"बंद पडली," ती म्हणाली.

"असं म्हणू नका, ताई. म्हणा, विसावलीये."

"विसावलीये. आता क्लच पूर्ण दाबा, आणि तिला उठवा."

पहिल्या दिवशी गाडी इतक्या वेळा विसावली की मागून येणाऱ्या सायकलवाल्यांनी वळसा घालायचं सोडून दुसरा रस्ता धरला. पण माणूस वाईट नव्हता. हसतमुख होता, वेळेवर यायचा, आणि चालवताना अखंड बोलायचा. मास्तरीणबाईला त्याच्याशी बोलायला मजा येऊ लागली.

"प्रभू स्वतः मित्राच्या थडग्यापाशी रडला की नाही?" ती एकदा म्हणाली. "त्याच्या तोंडून तेव्हा काय चुकीचं निघालं होतं?"

"ते रडणं आपल्यासाठी होतं, ताई. त्याला काही दुःख नव्हतं."

"असं? आणि पाण्यावर चालताना बुडायला लागलेला शिष्य ओरडला, तोही 'मी छान पोहतोय' असं ओरडला का? आरशात बघा. इंडिकेटर द्या. उजवा, ब्रदर. तो वायपर झाला."

कोरड्या काचेवर वायपर करकरत राहिला आणि ब्रदर विचारात पडला. निदान तिला तसं वाटलं.

दाढ दोन आठवड्यांची झाली तेव्हा घड्याळजींचा अर्धा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला. बोलणं फेसाळ झालं. तिने डॉक्टरचं नाव काढलं की ते कानावर हात ठेवत, म्हणजे एका कानावर. दुसऱ्या बाजूला हात लावणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. ब्रदरने हात ठेवून प्रार्थना केली की झालं. सभेनंतर ब्रदरभोवती नेहमी गर्दी, त्यामुळे ते शिकवणीच्या वेळी गाडीतच मागच्या सीटवर येऊन बसले.

"शिकवणीच्या गाडीत प्रार्थना फक्त मी करते," मास्तरीणबाई म्हणाली. "तीही गाडी सुरू करण्याआधी."

पण सुजलेल्या तोंडाचा नवरा इतक्या आशेने बसला होता की तिला त्याला खाली उतरवेना.

बाजाराचा अरुंद रस्ता लागला. डावीकडे गोदामाची लांबलचक भिंत, समोरून हातगाड्या, मागे बस. ब्रदर त्या दिवशी बरा चालवत होता. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी नीट गेली आणि त्याला उत्साह आला.

"बंधू, पुढे वाका!" असं म्हणून त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढला, आणि मागे वळून, डोळे मिटून तो घड्याळजींच्या गालावर ठेवला.

गाडी सरळ दिव्याच्या खांबाकडे निघाली. मास्तरीणबाईने आपल्या बाजूचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. घड्याळजी मात्र थांबले नाहीत. ते पुढच्या सीटवर आदळले, आणि नेमके उजव्या गालावर.

"आई गं!" ते किंचाळले. "मेलो! दुखतंय! दुखतंय! दुखतंय!"

दोन आठवड्यांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. रस्त्यावरच्या हातगाड्या थांबल्या.

"बंधू!" ब्रदर कळवळून म्हणाला. "काय केलंत हे! आत्ता सुटतच होतं. दुखणं तोंडाच्या शब्दानेच घरात येतं, बंधू. प्रत्येक आजार, प्रत्येक मरण. आधी कुणीतरी ते बोललेलं असतं."

मास्तरीणबाई समोरच्या खांबाकडे बघत होती. तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"ब्रदर," ती म्हणाली, "आमची मुलगी सात महिन्यांची होऊन गेली. ताप आला आणि गेली. तुम्ही म्हणताय तसं असेल, तर मला सांगा, आमच्यापैकी कुणाचा कुठला शब्द चुकला?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. गिअर बदला म्हणून सांगावं तसा तो साधा होता. मागची बस हॉर्न वाजवू लागली.

ब्रदर तिच्याकडे वळला. "कदाचित, ताई, त्या वेळी तुमच्या मनात..."

"ब्रदर." मागून आवाज आला. फेसाळ, बोबडा, पण ओळखीचा. घड्याळजी गाल धरून सरळ बसले होते. "पुढचं बोलू नका. मी तेवीस वर्षं तो शब्द शोधतोय. शनिवारी शोधला, फरशीवर शोधला. तिच्यासमोर नका बोलू."

मास्तरीणबाईने मागे वळून पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, याला नव्याची हौस आहे. कुणाला नवे बूट आवडतात, याला नव्या शिकवणी. हा माणूस एका घराच्या सगळ्या दारांवर ठोकत फिरत होता, आणि आत कोण हरवलंय हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. आणि तिनेही, तिला कबूल करावं लागलं, कधी विचारलं नव्हतं.

"दातांच्या डॉक्टरकडे चला," घड्याळजी म्हणाले. "मला फार दुखतंय."

जागा बदलून ती स्वतः चालवायला बसली असती, पण तिचं दार भिंतीला टेकलेलं होतं आणि मागची बस आता कर्णा वाजवल्यासारखी ओरडत होती. "ब्रदर, पहिला गिअर," ती म्हणाली. "हळूच. फक्त चौकापर्यंत."

ब्रदरने घाबरत गिअर टाकला. गाडी निघाली. भिंत संपली, चौक आला, आणि त्या घाबरगुंडीत ब्रदरने ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. गाडीने एकदम उसळी मारली. डावीकडून एक मालवाहू ट्रक येत होता, चांगला दोन मजली, आणि थांबायचा त्याचा काहीही विचार दिसत नव्हता.

"प्रभू, वाचव!" ब्रदर ओरडला. स्टिअरिंग सोडून त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मला काही येत नाही! मला गाडी येत नाही!"

मास्तरीणबाईने ब्रेक दाबला. ट्रक त्यांच्या नाकासमोरून बोनेटला वारा घालून गेला.

"अशी प्रार्थना मला समजते," ती म्हणाली. "आता उतरा. मी चालवते."

दातांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरीणबाईंनी घड्याळजींना खुर्चीत आडवं केलं आणि विचारलं, "किती दिवस दुखतंय?"

हा प्रश्न त्यांना इतक्या दिवसांत आदराने कुणी विचारलाच नव्हता. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "भयंकर दुखतंय. कानात जातं, डोळ्यात जातं, मानेत जातं. पाणी प्यायलं की दुखतं, वारा लागला की दुखतं. काल तर शेजारी कुणी खोकलं तरी..."

"तोंड उघडंच ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण बोलू नका."

बाहेरच्या बाकावर ब्रदर आणि मास्तरीणबाई शेजारी शेजारी बसले. समोर भिंतीवर दातांचं मोठं चित्र होतं. ब्रदर ते चित्र पाठ करायचं असल्यासारखा बघत होता.

"मी लहान होतो तेव्हा आई आजारी पडली," तो म्हणाला. "रडून रडून मागितलं मी. नाही मिळालं. पुढे कुणीतरी सांगितलं, मागायचं नसतं, म्हणायचं असतं. फार बरं वाटलं, ताई. निदान आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटलं."

"हं."

"तुम्हीही मागितलं असेल. तुम्हालाही नाही मिळालं. मग तुम्ही त्या बाकावर कशा काय राहिलात? खरं सांगा. सवय म्हणून?"

हा तोच प्रश्न. महिनाभर ती याच्याशी झटत होती. आता तिने शोधला तर उत्तर समोरच होतं, डोक्यावरच घालून घरभर शोधलेल्या चष्म्यासारखं.

"ती गेली त्या दिवशी पाळकसाहेब आले," ती म्हणाली. "तेव्हा ते तरुण होते. मला वाटलं, आता हे काहीतरी समजावणार, आणि समजावलं तर मी यांना घराबाहेर काढणार. पण ते जमिनीवर बसले आणि रडले. नाक पुसायला रुमालही नव्हता त्यांच्याकडे, मी बाळाचं दुपटं दिलं. आणि ब्रदर, कसं सांगू, मला त्या खोलीत आणखी कुणीतरी बसलेलं वाटलं. तोही काही समजावत नव्हता. पण उठूनही जात नव्हता. मग मी कशी उठू? तो बसलाय तोवर मी बसलेय. बाक तिसरा असो की शेवटचा."

आतून घड्याळजींचा एक दीर्घ, मोकळा, मनसोक्त ओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ भांड्यात काहीतरी टण्णकन पडलं.

"उद्या या," मास्तरीणबाई उठताना म्हणाली. "ब्रेक कुठला आणि अॅक्सिलरेटर कुठला, तिथून सुरुवात करू."

पुढच्या रविवारी घड्याळजी तिच्याबरोबर चर्चला आले नाहीत. गालाला फडकं बांधून ते ब्रदरच्या हॉलमध्ये गेले. तिला जरा वाईट वाटलं. दुपारी ते फार उशिरा परतले, आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले ते हसू दाबतच.

"काय झालं?"

"ब्रदर उभा राहिला," ते म्हणाले, "आणि म्हणाला, आज मी तुम्हाला काही म्हणायला लावणार नाही. माझ्याकडून तुम्हाला चुकीचं शिकवलं गेलंय. कुणाला काही दुखत असेल तर सांगा, आपण देवाकडे मागू. देईल की नाही मला माहीत नाही, पण मागू. मग मागून एक आजीबाई म्हणाल्या, माझे गुडघे. बस्स! मग काय विचारतेस! गुडघे, पाठ, मूळव्याध, जावई, नोकरी. एकाला वर्षभर ऐकूच येत नव्हतं, तो बिचारा काय विचारताहेत हे न कळून 'आमेन, आमेन' करत बसला होता. अख्खी दुपार गेली. निम्मे लोक रागावून उठून गेले, म्हणाले, हे असलं तर आमच्या जुन्या चर्चमध्येही मिळत होतं."

"खरंच आहे की," मास्तरीणबाई म्हणाली.

"उरले ते रडले. आणि मग घरून कुणीतरी डबे आणले."

ती हसली. ब्रदर पुढे गाडीच्या परीक्षेत एकदा नापास झाला. तपासनिसाला त्याने आधीच सांगून टाकलं होतं, की साहेब, मला रिव्हर्स नीट जमत नाही. तपासनिसाने त्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. घड्याळजी कधी त्याच्याकडे जात, कधी तिच्याबरोबर येत, आणि आल्यावर प्रवचन लांबलं म्हणून कुरकुरत. माणूस काही एका दाढेने बदलत नाही.

पण त्या रविवारी दुपारी, डब्यांचं सांगून झाल्यावर, ते उठले नाहीत. ती भाजी चिरत होती. थोडा वेळ ते तिच्या हाताकडे बघत राहिले.

"ती हसली की तिला उचकी लागायची," ते म्हणाले.

कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. सुरी तिने खाली ठेवली.

"मोठ्याने हसली की," ती म्हणाली. "हळू हसली की नाही."

"हळू कधी हसली ती?"

"तुम्ही दुकानात असताना."

"हे मला माहीत नव्हतं," घड्याळजी म्हणाले, आणि स्टूल तिच्या जवळ ओढून घेतलं. "अजून सांग."

भाजी तशीच राहिली. ती सांगत गेली, मग ते सांगत गेले.